घासणी

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना
बंद पडला त्याला सात वर्षं झाली.
उतार तेवढा राहिला.
लाद्या त्यावरून घसरत, गार वाफ सोडत,
थेट होडीच्या तोंडाशी जायच्या.
आता मी जाते.

समोर होडेकरांच्या साजिदने
बोटीच्या उरलेल्या प्लायचा पाव गोल उभा केलाय,
आणि वर कडेला ट्रॉलरचा निकामी पाइप,
स्वतःच्या हाताने वेल्ड केलेला.
सांधे चार. तिसरा जरा उंच आहे.
तिसऱ्याने माझं उजवं ढोपर दोनदा सोललंय.

बोर्ड पुण्याच्या आतेभावाने कंटाळून टाकून दिलेला.
इथे खारा वारा सगळं खातो, बेअरिंग तर आधी.
दर रविवारी चाकं काढते, रॉकेलमध्ये बुडवते,
बाबांच्या इंजिनाचे नट शेजारच्या डब्यात.
कधी अदलाबदल होते. मग घरात वेगळाच आवाज.

व्हिडिओत त्याला ग्राइंड म्हणतात.
आम्ही घासणी म्हणतो.
आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चेहरा उजळला तिचा,
वाटलं, मुलगी भांड्यांचं बोलतेय.

सांगायला सोपं आहे:
वेगात वर चढ,
कडेला पुढचा ट्रक पाइपाच्या पलीकडे टाक,
मागचा आपसूक येऊन बसतो,
मग नुसतं उभं राहायचं.
नुसतं!
अख्खा चैत्र मी पुढचा ट्रक पलीकडे टाकला
आणि जीव अलीकडे ठेवला.
पाइपाला ते कळतं.
अर्ध्या मनाने आलेल्याला तो
एक शब्द न बोलता खाली पाठवतो.

"पायांक काय बघतंस गो?
खंय जावचा आसा थंय बघ."
साजिद वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून सांगतो.
त्याचं काय जातंय. त्याचं पडून झालंय,
पुढचा एक दात गोव्यातल्या कुठल्याशा रॅम्पवर ठेवून आलाय.

पाइपाला मेण लागतं.
एस्परांसमावशी चर्चमधली थोटकं पिशवीतून आणते,
"देवाक पुरे झाले, आता तुमका."
घासताना बोटांना रविवारचा वास येतो
आणि त्याच्याखाली बांगड्याचा.

मग परवा, लिलाव उरकला होता,
बाबा धक्क्यावरून होडीत जात होते.
होडी सरकत होती लांब.
ते थांबले नाहीत, उडीही मारली नाही.
वजन आधी गेलं,
माणूस मागून गेला.
इतकी वर्षं बघतेय मी हे.
बोर्ड काखेतच होता.

उतारावरून आले, चढले, पाइप आला,
आणि मी अख्खी गेले.

खर्रर्र

आवाज तळव्यांतून ढोपरांत, ढोपरांतून दातांत.
कारखान्याच्या रिकाम्या पत्र्यांनी तो परत दिला.
जाळ्यांवर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.
आणि संपलं. तिसरा सांधा.
मी उताणी, वर दोन घारी,
तोंडात वाळू, आणि हसू आवरेना.

साजिद म्हणाला, "परत दाखव."

परत जमलं नाही.
त्या दिवशी नाही, काल नाही,
आज सकाळी तर चढायलाच जमलं नाही.

पण गंजावर रेघ आहे, पांढरी, चकचकीत.
बाबांना हात धरून नेलं.
त्यांनी वाकून, जाळ्याचा आस मोजतात तशी,
बोटं ठेवली तिच्यावर, एकेक, सावकाश.
"साडेपाच," म्हणाले.
मग पाइपावरून हात फिरवला,
लाल झालेला तळवा लुंगीला पुसला.
"गंजलोहा. बोटीचो रंग उरलोहा वायच.
मारूया?"

नको, म्हणून मी ओरडले,
इतक्या जोरात
की कुत्रं पुन्हा उठून बसलं.